बोट सुटेपर्यंत

१

सोमवारी सकाळी भाई सरनोबतांनी शाहूपुरीतल्या कचेरीचं लोखंडी कपाट उघडलं आणि आतली चांदीची गदा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. कपाटाचं दार नीट लागलेलं नव्हतं, म्हणून ते घाबरले होते. कुणा पैलवानानं संस्थेला भेट दिलेली ती वजनदार गदा जागेवर होती. खालचा कप्पा मात्र रिकामा होता. त्यातले सातही पासपोर्ट गेले होते.

बुधवारी सात जण मुंबईला निघणार होते आणि गुरुवारी बोट सुटणार होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर दोन वर्षं राहायचं, आपल्या देशातून पूर्वी तिकडं गेलेल्या मजुरांच्या पोरांना शिकवायचं, आजाऱ्यांना औषधपाणी करायचं, असं ते काम. पगार नाही, नुसतं जेवणखाण. संस्थेचं नाव विश्वबंधू सेवा संघ. आणीबाणी उठून तीन वर्षं होत आलेली. तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या शब्दाला तेव्हा मोठं वजन होतं, आणि भाई तर इंग्रजांच्या काळापासून आत-बाहेर करत आलेले. सभेत त्यांनी हात वर करून "कोण येतं?" असं विचारलं की पदवी घेऊन घरी बसलेली पोरं आपसूक उठून उभी राहायची.

भाईंनी पोलिसांना कळवलं नाही. त्यांनी मीरासाब नदाफांना बोलावणं धाडलं.

मीरासाब नुकतेच फौजदार म्हणून निवृत्त झालेले. पोलीस खात्यात आयुष्य काढूनही ज्याच्याबद्दल कुणी वावगं बोलत नाही, असा हा दुर्मिळ गृहस्थ होता. भाई आणि ते लहानपणी एका शाळेत, एका बाकावर. आणीबाणीत भाईंना तुरुंगात पोचवायचं काम नेमकं मीरासाबांच्याच वाट्याला आलं, तेव्हा वाटेत दोघांनी एका बशीत चहा ओतून प्यायला होता. आणि त्या सातांत मीरासाबांची धाकटी लेक नजीरा होती. नर्सिंग शिकलेली, हट्टी आणि बापाच्या काळजाचा तुकडा. घरी तिची आई सुलतानबी सकाळपासून डब्यात कांदा-लसणाची चटणी दाबून भरत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, चटणीच्या तिखटानं डोळं झोंबत्यात म्हणत.

"पोलिसांत नको, मीरा," भाई म्हणाले. "पेपरात आलं की पुढच्या साली एक बाप पोरगं द्यायचा न्हाय. तूच हुडक. बुधवारच्या आत."

मीरासाबांनी कपाट पाहिलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. दुसरी चावी भिंतीवरच्या तसबिरीमागं टांगलेली असे आणि कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते माहीत होतं. चोरानं काम झाल्यावर ती पुन्हा तिथंच टांगून ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी भाईंनी पासपोर्ट स्वतः पाहिले होते, म्हणजे चोरी रविवारची. गदेला मात्र कुणी हात लावला नव्हता. असला चोर मीरासाबांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

२

पहिला संशय शालूबाईवर होता, कारण तिनं तो स्वतःच ओढवून घेतला होता. उचगावची ही बाई चार म्हशींच्या जोरावर पोराला बी.ए. करून बसली होती. आठवड्यापूर्वी भरसभेत उठून तिनं, बाळासोचा पासपोर्ट चुलीत घालीन, असं सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

मीरासाब गेले तेव्हा ती गोठ्यात होती. पासपोर्ट चोरीला गेल्याचं ऐकून तिला झालेला आनंद तिनं लपवला नाही.

"मी चोरला असता तर माझ्या बाळासोचा चोरला असता की," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकरांचं मी कशाला घिऊ? आन् माझ्या हातात गावला असता तर आत्तापातुर त्याची राख झाली असती."

हे मीरासाबांना पटलं. त्यांनी चहाला नको म्हणून पाठ फिरवली, तशी ती मागून बोलली.

"फौजदारसाहेब, एक सांगू? तुम्ही तुमची लेक धाडताय, म्हणून आमचं पोरगं ऐकंना झालंय. फौजदार काय खुळा हाय व्हय, म्हणतंय."

मीरासाब हसले. मनातून ते थोडे सुखावलेही. त्या सुखावण्याचा पुढं त्यांना फार त्रास झाला.

दुसरा संशय गुंडूवर. गारगोटीचा हा पोरगा संघानं नाकारलेला, आणि नाकारलेला माणूस सूड घेतो असं भाईंचं म्हणणं. गुंडू रविवारी चुलतभावाच्या लग्नात दिवसभर अक्षता वाटत होता आणि अर्ध्या गावानं त्याला पाहिलं होतं. तो विषय तिथंच संपला. मीरासाबांनी सहज विचारलं की तुला नाकारलं कशापायी. गुंडूलाही ते कोडंच होतं. मुलाखत फक्कड चालली होती, भाईंनी पाठ थोपटली होती. मग गुंडू कौतुकानं म्हणाला, माझा मामा मुंबईच्या बंदरात कामाला हाय, बोटीवरचे खलाशी त्याच्या ओळखीचे, सगळ्यांची खुशाली घरी कळत राहील. त्यावर भाई एकदम गप्प झाले आणि म्हणाले, ओळखीपाळखी असल्या की सेवेत मन लागत नाही.

मोटारस्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघताना मीरासाब विचार करत होते. चोराला पैसाअडका नको होता, नाहीतर गदा गेली असती. चोर कुणाची आई किंवा बाप नव्हता, नाहीतर एकच पासपोर्ट गेला असता. ज्याला सातही जणांना अडवायचं होतं, असा कोण?

उरला होता तो ज्ञानू, आणि ज्ञानूवर संशय घेणं म्हणजे देवळातल्या दिव्यावर संशय घेणं. मुरगूडच्या केरबाचा हा थोरला पोरगा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ आकाराम पहिल्या तुकडीत बेटावर गेलेले. अजून परतलेला तो एकटाच. प्रत्येक सभेत भाई त्याला हार घालून व्यासपीठावर बसवत. तिथल्या हवेनं त्याचा घसा बसलाय, असं सांगून शाळेच्या, दवाखान्याच्या गोष्टी ते स्वतःच सांगत. ज्ञानू हात जोडून खाली बघत बसे. तो कचेरीतल्याच खोलीत राहायचा, पण रविवारी गावी जाऊन आला होता आणि सोमवारी पुन्हा ऊसतोडीला म्हणून गेला होता.

मुरगूडला जातो म्हटल्यावर भाईंचा चेहरा बदलला.

"ज्ञानूला कशाला इचारायचं? तो आपल्या घरचा हाय," ते म्हणाले. "आणि जायचंच असलं तर मी येतो संगं."

मीरासाब एकटेच गेले.

३

केरबाच्या रानात गुऱ्हाळासाठी ऊसतोड चालली होती. बांधावर पाऊल टाकतानाच मीरासाबांनी एक खणखणीत हाक ऐकली. ज्ञानू बैलावर ओरडत होता. बसलेल्या घशाचा मागमूस नव्हता.

मीरासाबांना बघितल्यावर मात्र तो आवाज पुन्हा आत गेला. शाळेबद्दल विचारलं, तर भाईंच्या भाषणातली वाक्यं त्याच क्रमानं बाहेर आली. दवाखान्याबद्दलही तेच. त्याची आई धोंडुबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं पाव्हण्याला बसायला घोंगडं टाकलं आणि एकच प्रश्न विचारला, आमचा आकाराम कवा येणार. ज्ञानू कोयता घेऊन सरीत शिरला.

"बघा की फौजदारसाहेब," केरबा हसत म्हणाला, "दोन साल मास्तरकी केली आन् पोरगं ऊस तोडायचं इसरलं. पाल्यासकट फेकतंय. म्या मागनं सोलत फिरतोय."

मीरासाबांनी पाहिलं. आपल्याकडं ऊस बुडातून तोडला की कोयत्याच्या पाठीनं वाळका पाला सोलायचा, शेंड्याचं वाढं तोडायचं आणि मग मोळीत टाकायचा. ज्ञानूचा कोयता बुडात बसे, लगेच शेंड्यावर जाई, आणि ऊस पाल्यासकट मागं पडे. सोलायचं काम तो वगळतच होता. मधेच लक्षात आलं की दोन-चार ऊस सोलून काढी, मग पुन्हा तेच. पण विसरलेल्या माणसाचा हात असा चालत नाही. तो हात चुकत नव्हता की दमत नव्हता. केरबाच्या दोन गड्यांना तो मागं टाकत होता.

असं काम कुठंतरी पाहिलंय, असं मीरासाबांना वाटत राहिलं. कुठं ते आठवेना.

गावात परतताना पिराच्या दर्ग्यापाशी गैबी मुजावर भेटला. मोहरम तोंडावर आलेला, तो सदर सारवून घेत होता. मोहरमात मिरवायचे पंजे त्याच दर्ग्यात बसतात. वर्षभर ते एका सागवानी पेटीत कुलपात असतात, आणि चंद्र दिसल्याशिवाय ती पेटी कुणासाठी उघडत नाही. पंजांच्या सेवेचा नवस बोललेल्याला तिथं फकीर म्हणतात, मग तो मुसलमान असो की केरबाचा पोरगा. ज्ञानू लहानपणापासून त्या पिराचा फकीर होता.

"लई मनाचं पोरगं," गैबी म्हणाला. "परवा ऐतवारी आलतं. हिरव्या फडक्यात बांधून भावाच्या नवसाचं कायतरी दिलं. चंद्र दिसल्यावर पेटी उघडशील तवाच हे बी उघड, म्हणालं. म्या पेटीवरच ठेवलंय. नवसाचं कोण कशाला सोडून बघतंय."

"चंद्र कधी दिसायचा?"

"शुक्रवारी. ढग आलं तर शनिवारी."

बोट गुरुवारी होती. मीरासाबांच्या डोक्यात तिथं लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात रानातला ऊसही दिसला. दहा-बारा वर्षांपूर्वी उसाच्या एका फडाला आग लागली होती, त्या पंचनाम्याला ते गेले होते. जळका ऊस तोडणारे गडी असेच तोडत होते. बुडात घाव, शेंड्यावर घाव, सोलणं नाही. सोलायला पालाच उरलेला नव्हता, सगळा जळून गेला होता.

ते मागं फिरले आणि ज्ञानूला दर्ग्यात बोलावून घेतलं.

४

हिरवं गाठोडं समोर पेटीवर होतं. मीरासाबांनी त्याला हात लावला नाही. ते ज्ञानूला घेऊन पेटीसमोर बसले आणि शांतपणे बोलायला लागले.

"चोराला पासपोर्ट नको होते, ज्ञानू. जाळायचे असते तर जाळले असते. त्याला ते ज्याचे त्याला परत मिळायला हवे होते, फक्त बोट सुटल्यावर. म्हणून चंद्र दिसेपर्यंत कुणी हात लावणार न्हाय, अशी जागा त्यानं हुडकली."

ज्ञानू सारवलेली जमीन नखानं उकरू लागला.

"आणि तू तिथं मास्तर नव्हतास. आपल्याकडं फड चुकून पेटतो. जिथं रोज फड पेटवून तोडत्यात, तिथंच हाताला सोलायचा विसर पडतो. किती दिवस तोडलास जळका ऊस?"

पिरासमोर फकिरानं खोटं बोलायचं नसतं. ज्ञानूनं गाठोड्याकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडून हुंदकाच आला. मग तो बोलला, आणि बोलायला लागल्यावर थांबेना. धक्क्यावर उतरल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतले. शाळेची इमारत व्हायची हाय, तोवर श्रमदान करा, म्हणून एका गोऱ्या मालकाच्या उसाच्या मळ्यावर नेलं. शाळा कधी झालीच नाही. मागं फिरायला पासपोर्ट नव्हता, घरी पाठवलेलं पत्र मळ्याबाहेर पडत नव्हतं. माणशी किती पैसे घ्यायचे हे भाईंनी मालकाशी आधीच ठरवलं होतं, असं मुकादम हसत हसत सांगायचा.

"मग तुलाच का सोडलं?"

"हिकडं लोक इचाराय लागलती, कोण परत का येत न्हाय म्हणून. दाखवायला एक पायजे होता. मला आणला आन् आकारामला ठेवून घेतलं. तू तोंड उघडलंस की तुझा भाऊ गेला, असं भाईनं मला सांगितलंय, चाचा. म्हणून म्या तोंड न्हाय उघडलं. कपाट उघडलं."

 जो प्रश्न विचारायला मीरासाब भीत होते, तो त्यांनी शेवटी विचारलाच. दवाखाना तरी आहे का?

ज्ञानूनं नकारार्थी मान हलवली.

"पोरींना बंगल्यांवर ठेवत्यात. फुडचं मला इचारू नका."

मग त्यानं स्वतःच्या हातानं गाठोडं सोडलं. सगळ्यात वरचा पासपोर्ट नजीराचा होता.

५

बुधवारी सकाळी भाई कचेरीत वाटच बघत होते. मीरासाबांनी पिशवीतून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले, तशी त्यांनी आधी ते मोजले. कुणी चोरले हे विचारलं नाही. मीरासाबांनी ते लक्षात ठेवलं.

"बस, दौलू," ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी भाईंना शाळेतल्या नावानं हाक मारली होती.

त्यांनी सगळं सांगितलं. पोलिसांना का टाळलं, मुंबईत मामा असलेला गुंडू का चालला नाही, ज्ञानूचा घसा का बसला, पाला का सोलला जात नाही. मनात वेडी आशा होती, की भाई आता भडकतील, टेबलावर मूठ आपटतील, हे मला ठाऊकच नव्हतं म्हणतील. भाई भडकले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आयुष्यभर लोकांसाठी तुरुंगात गेलो, मीरा. बाहेर आलो तेव्हा घराला छप्पर नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक जण इचारायला आला न्हाय."

"मी आलतो."

भाई पुन्हा चष्म्याची काच पुसू लागले.

"बाकीच्यांचं राहू दे," मीरासाब म्हणाले. आवाज कापत होता आणि तो कापतोय याची त्यांना लाज वाटली नाही. "नजीरा तुझ्या मांडीवर खेळलीय. तिचं नाव तरी काढायचंस. काहीतरी कारण सांगून मागं ठेवायची होतीस पोरीला."

भाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तिचं नाव काढलं असतं तर बाकीच्यांनी पोरं दिली नसती," ते सरळपणे म्हणाले. "फौजदार नदाफ आपली लेक देतो म्हटल्यावर सगळ्यांचा विश्वास बसला."

मीरासाबांना शालूबाईचा गोठा आठवला आणि आपलं ते सुखावणं आठवलं. ज्या नावाला त्यांनी उभ्या नोकरीत डाग लागू दिला नव्हता, तेच नाव या माणसानं पोरं पकडायला वापरलं होतं. उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं त्यांना वाटलं. मुरगूडची धोंडुबाई डोळ्यांसमोर आली म्हणून त्यांनी हात आवरला.

तोवर भाई सावध झाले होते. तक्रार केलीस तर आकाराम परत यायचा नाही, असं त्यांनी थंडपणे सांगितलं. मीरासाबांनी अट घातली. आकारामला बोलावून घे, या सातांचं जाणं रद्द कर, मी तोंड उघडणार नाही.

"शब्द?"

"शब्द."

भाईंच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. मीरासाब नदाफाचा शब्द म्हणजे काय, हे अख्ख्या कोल्हापुरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

६

मीरासाबांनी टेबलावरचे पासपोर्ट पुन्हा पिशवीत घातले आणि ज्याचा त्याचा घरोघर स्वतः नेऊन दिला. शालूबाईनं बाळासोचा घेतला, चुलीकडं पाहिलं आणि धान्याच्या कणगीत खुपसून ठेवला. कारण सांगता येत नव्हतं, त्यामुळं पोरं चिडली, मीरासाबांना टाकून बोलली. त्यांनी ऐकून घेतलं.

नजीराला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं ट्रंकेची कडी काढली, लावली, पुन्हा काढली.

"म्हणजे तिथं शाळा न्हाय, दवाखाना न्हाय," ती म्हणाली. "पण अब्बा, ती मजुरांची पोरं तर असतील की."

 चटणीचा डबा सुलतानबीनं फडताळात सरकवून ठेवला.

फेब्रुवारी सरता सरता आकाराम मुंबईच्या धक्क्यावर उतरला. मीरासाब आणि ज्ञानू तिथं उभे होते. ज्ञानूनं आधी ओळखलंच नाही त्याला. एक पाय ओढत चालणारा तो हाडकुळा माणूस समोर येऊन "दादा" म्हणाला, तेव्हा त्यानं त्याला मिठी मारली. मीरासाब दोघांना घेऊन थेट पोलिसांकडं गेले आणि तिथं बसून त्यांनी तक्रार लिहवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दिलेला शब्द मोडला होता. ते काम त्यांनी संध्याकाळपर्यंतही लांबवलं नाही.

पुढं कोल्हापुरात पोलिसांनी भाईंना कचेरीतून बाहेर काढलं, तेव्हा रस्त्यावर माणसं जमली होती. मीरासाबही होते. भाई त्यांच्यासमोर थांबले.

"मीरा, तू शब्द दिला होतास."

"व्हय," मीरासाब म्हणाले. "दिला होता."

 घरी येऊन मीरासाब त्या दिवशी जेवले नाहीत. बेटावर अडकलेली बाकीची पोरं पुढं वर्षभरात एकेक करत परत आली.

त्याच मार्चात केरबाच्या रानातला शेवटचा फड तोडायला काढला. नजीरा आकारामच्या पायाची जखम धुवायला आठवड्यातून एकदा मुरगूडला जायची. त्या दिवशी मीरासाब तिच्याबरोबर होते आणि तिच्या पिशवीत तो चटणीचा डबा होता. आकाराम बांधावर बसून राहिला होता. मग कुणी काही म्हणायच्या आत तो उठला आणि गड्याच्या हातातला कोयता घेऊन सरीत शिरला.

बुडात एक घाव, शेंड्यावर एक घाव. ऊस पाल्यासकट मागं पडला. दुसरा पडला, तिसरा पडला. धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला. ज्ञानू मान फिरवून दुसरीकडं बघायला लागला.

केरबानं या खेपेला थट्टा केली नाही. तो पोराच्या मागं जाऊन खाली बसला, पडलेला ऊस मांडीवर घेतला आणि सावकाश पाला सोलू लागला.